दशम्या कुणाच्या खात्यावर?

"काकू, जरा हळू बोला हं, समोरची खिडकी उघडी आहे," असं म्हणत शेजारची सुनीता कंपाउंडच्या भिंतीला येऊन टेकली, तेव्हाच मी ओळखलं की कढीपत्ता हे आज नुसतं निमित्त. कढीपत्त्याला आलेलं माणूस आधी फांदीकडं बघतं. ही समोरच्या बंगल्याकडं बघत होती.

"पोचली का मनू?"

"पोचली की. काल रात्री होस्पेटला उतरली. आत्ता बसमधनं फोन आला, हंपीला निघालेत. पण काकू, एका दिवसात काय काय झालंय म्हणून सांगू!"

"थांब," म्हटलं, आणि आत जाऊन गॅस बंद करून आले. असल्या बातम्या अर्धवट ऐकायच्या नसतात.

मनूची परीक्षा संपली आहे, नोकरी लागायची आहे, आणि या मधल्या मोकळ्या दिवसांत मित्रमैत्रिणींबरोबर हंपीला जायचं हे दिवाळीपासून चाललं होतं. फोनवर ग्रुप केला तेव्हा बारा जण होते. तारीख ठरली तेव्हा आठ राहिले आणि पैसे काढायची वेळ आली तेव्हा पाच. प्रत्येक सहलीचं असंच असतं. या पाचांत एक मनू, दुसरी तिची निपाणीची मैत्रीण, तिसरा सीए करणारा एक पोरगा, ज्याला सगळे खजिनदार म्हणतात, आणि चौथा कुठंही टेकला की झोपणारा. पाचवा समोरचा. समोरचा म्हणजे खरोखरच समोरचा, ज्याच्या आईची खिडकी उघडी होती तो.

माणशी दिवसाला हजार रुपये, त्यातच खाणं, राहणं, फिरणं. पाठीवर सॅक, जनरलचा डबा. आमच्या काळी असा प्रवास हौसेनं कुणी करत नसे, करावा लागायचा.

"मी म्हटलं, रिझर्वेशन तरी करा," सुनीता म्हणाली. "तर खजिनदार म्हणतो, मावशी, दिवसाच्या गाडीला बर्थ कशाला?"

"त्यात त्याचं काही चुकलं नाही. हरिप्रिया दुपारच्या सुमाराला कोल्हापूर सोडते आणि रात्री होस्पेटला टाकते. साडेचारशे किलोमीटरच्या वर प्रवास आणि तिकीट दोनशेच्या आत. शिवाय गाडी इथूनच सुटते. लवकर गेलं तर जनरलमध्येही खिडकी मिळते."

"तेच केलं. मनू आणि निपाणीची दीड तास आधी गेल्या आणि पाच जागांवर रुमाल, ओढण्या, पाण्याच्या बाटल्या टाकून बसल्या. ती बिचारी पहाटेची निपाणीहून निघालेली. आणि हे तिघं राजे सुटायच्या वेळेला उगवले. त्यात समोरचा तर घामाघूम. का सांगा."

"का?"

सुनीतानं पुन्हा एकदा खिडकीकडं बघितलं. "घरी सांगितलंय, कंपनीचं ट्रेनिंग आहे, पुण्याला."

"अगं बाई!"

"वडील गाडीनं स्टँडवर सोडायला गेले. पुण्याच्या बसमध्ये बसवूनच परत यायचं म्हणत होते. ह्यानं कसंबसं त्यांना वाटेला लावलं आणि स्टँडवरनं स्टेशनवर पळत सुटला. बरं झालं, आपल्याकडं दोन्ही जवळजवळ आहेत. नाहीतर गेला असता पुण्याला खरोखरच."

पोराचं वय चोवीस. पगार सुरू झालाय. तरी मित्रांबरोबर हंपीला जातो म्हणायची हिंमत नाही. आणि मनू मुलगी असून उजळ माथ्यानं सांगून गेली. मी हे बोलून दाखवलं तेव्हा सुनीताची मान अर्धा इंच वर गेली, ते मला दिसलं. मग म्हणाली, "सांगून गेली, पण डबा न्यायला तयार नव्हती बघा. आई, बॅकपॅकिंगला कुणी डबा नेतं का! सॅक आधीच अवजड. पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला दरवर्षी जातो तो आमचा भाचा, त्याची आणली मागून. तळाला अजून पावनखिंडीचा चिखल होता. मी धुतली, वाळवली आणि टॉवेलच्या खाली गुपचूप वीस दशम्या, शेंगाची चटणी, बरणीभर खर्डा आणि किलोभर भडंग सारलं. वरनं कपडे. तिला पत्ताच नाही."

"ओझं कळलं नाही तिला?"

"सॅक अशीच जड असते म्हणाली."

गाडी सुटली. वळिवडे आलं तेव्हा मनूनं आईला फोटो पाठवला होता, नुसता पाटीचा. मला राहवेना. म्हटलं, "सांगितलंस का तिला, तिथं दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती? 1943 पासून पाचेक हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, इथं आपल्या वळिवड्यात राहिली. त्यांनी तर सगळं जगणंच एका गाठोड्यात..."

"काकू, तुमचं पोलंड राहू द्या. खजिनदाराचं ऐका."

ऐकलं. खजिनदारानं फोनवर हिशेबाचं ॲप घेतलंय. कुणी काय खर्च केला, कुणाचा वाटा किती, ते सगळं त्यात जातं. हातकणंगल्याला चहा घेतला, पाच चहा नोंदले. झोपाळूनं घेतलाच नव्हता, तो रुकडीपासूनच झोपला होता, म्हणून त्याचा काढला. मग अंकलीचा पूल आला. खाली कृष्णा. समोरच्या बाकावर इचलकरंजीचं एक कुटुंब होतं, बालाजीला निघालेलं. हरिप्रियेत निम्मी माणसं बालाजीचीच. त्या आजींनी नदीला हात जोडून नाणं टाकलं आणि ह्यांनाही टाकायला लावलं. मनूनं पर्समधलं पाचाचं नाणं काढून टाकलं, सगळ्यांच्या वतीनं.

"आणि तो खजिनदार विचारतो, हे कुणाच्या खात्यावर लिहू?"

मी इतकी हसले की समोरच्या खिडकीचा पडदा हलला. आम्ही दोघींनी मिळून कढीपत्ता तोडला थोडा वेळ.

"अगं, पण कृष्णा त्या वाटेवर दोनदा लागते," मी हळूच म्हटलं. "अंकलीला एकदा, आणि मिरज सोडून पुढं उगारनंतर, कुडचीच्या आधी, परत."

"व्हय की! कुडचीला आजींनी परत हात जोडले, परत नाणं. ह्या खेपेला समोरच्यानं टाकलं आणि खजिनदाराला म्हणाला, लिही, कृष्णामाईच्या खात्यावर."

पोरगं खोटारडं असलं तरी गमत्या आहे.

मिरजेला डबा खच्चून भरला. मिरजेचं मला फार आहे. पूर्वी तिथं तिन्ही रुंदींचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरकडचा रूळ रुंद झाला, बेळगावकडं मीटरगेज राहिला आणि पंढरपूरकडं नॅरोगेज. आम्ही हुबळीला जायचो तेव्हा मिरजेला उतरून, पोरं-सामान घेऊन, दुसऱ्या गाडीकडं पळायचो. आता एकाच डब्यात बसून जातात आणि तरी दमलो म्हणतात. असो. मिरजेनंतर मनूच्या बाकावर चौघांच्या जागी सात जण. निपाणीचीनं एका बाळंतिणीला खिडकी दिली आणि स्वतः शेडबाळपासून घटप्रभेपर्यंत उभी राहिली. "तिनं दिली. बाकीचे फोनमध्ये बघत होते. आमची मनूसुद्धा. मला तिनंच सांगितलं, म्हणून सांगते," सुनीता म्हणाली.

खरी गोष्ट पुढंच आहे. रायबागच्या आसपास दाराशी उभ्या असलेल्या एका कामगारानं विचारलं, कुठं निघालात? तो कोप्पळचा, इचलकरंजीत मागावर काम करणारा, मोडकंतोडकं मराठी बोलणारा. हे म्हणाले, हंपी. राहणार कुठं? खजिनदारानं मोठ्या ऐटीत सांगितलं, नदीपलीकडं, विरूपापूर गड्डे, परदेशी पोरं राहतात ती झोपडी, दोनशे रुपये रात्र.

तो माणूस म्हणाला, ते पाडलं.

"पाडलं?"

"पाडलंच ना," मी म्हटलं. "2020 साली. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला आणि ते सगळे लॉज आणि झोपड्या बुलडोझरनं काढल्या. हंपी जागतिक वारशाच्या यादीत आहे, 1986 पासून. तिथं असं काही बांधायचं नसतं."

"तर ह्या शहाण्यानं कुठलं तरी जुनं वाचून अख्ख्या ट्रिपचा हिशेब त्या दोनशेवर मांडलेला! घटप्रभेपर्यंत डब्यात सुतक. समोरचा म्हणाला, चला, आता बजेट गेलं बुलडोझरखाली. खजिनदार त्यावर तासभर कुणाशी बोलला नाही. भूक पण लागलेली. फेरीवाल्याची इडली घ्यायची तर हा मान हलवतो, जेवणाचं खातं बेळगावला उघडायचं ठरलंय म्हणतो. तेव्हा मनूनं टॉवेल काढायला सॅकमध्ये हात घातला."

"दशम्या!"

"दशम्या. मग काय विचारता. बालाजीवाल्या आजींनी लोणचं काढलं, तो कोप्पळचा ज्वारीची कडक भाकरी काढून बसला, त्याला आपला खर्डा दिला. डोळ्यांत पाणी आलं म्हणे त्याच्या, पण परत मागून घेतला. झोपाळू उठला. खाणं म्हटलं की उठतो तो."

मनूनं फोनवर थँक्यू म्हटलं का, हे मी विचारलं नाही. सुनीतानं सांगितलं नाही, म्हणजे म्हटलं नसणार. पुढं म्हणेल.

बेळगावला सुनीताचा भाऊ राहतो, टिळकवाडीत. गाडी थांबते जेमतेम काही मिनिटं, पण मामा फलाटावर पिशव्या घेऊन उभा. कुंद्याचा डबा, मसालेभात, दह्याची बरणी, पाण्याच्या पाच बाटल्या आणि एक ब्लँकेट. ब्लँकेट कशाला, तर तिकडं रात्री गार असतं म्हणून. दुपारी हंपीचे दगड तव्यासारखे तापतात हे मामाला ठाऊक नाही वाटतं. पण आणलं बिचाऱ्यानं. खिडकीतनं आत ढकललं आणि गाडी हलली.

"म्हणजे बघा काकू, दुपारचं जेवण माझं, रात्रीचं माझ्या भावाचं, सॅक भाच्याची. आणि मनू काल संध्याकाळी मेसेज करते, आई, आजचा खर्च फक्त सव्वादोनशे!"

मी काही बोलले नाही, पण माझं मत पक्कं झालं. स्वस्तातला प्रवास असा काही नसतो. प्रवासाला लागायचे ते पैसे लागतातच, फक्त ते कुणाकुणाच्या घरातनं गेले ते ॲपमध्ये दिसत नाही.

लोंढ्याचं जंगल गेलं, धारवाड गेलं. धारवाडला पेढा घेतला नाही, खातं नव्हतं. मला मात्र वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. अगं, मिरजेपासून त्या रुळांच्या कडेकडेनं नुसतं गाणं पसरलंय. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेब, बेळगावच्या अलीकडं सुळेभावी म्हणून इवलंसं स्टेशन लागतं, ते कुमार गंधर्वांचं गाव, धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीला गंगूबाई, आणि पुढं गदगला भीमसेन जोशी. अख्खी मैफल ओलांडून गेली ही पोरं, कानात इअरफोन घालून.

"भीमसेन जोशी गदगचे?"

"गदगचे. आणि तुमच्या खजिनदाराला सांग, खरा बजेट प्रवास त्यांनी केला. 1933 साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घरातनं पळाले. खिशात तिकीट नाही. तिकीट तपासनीस आला की गाऊन दाखवायचे. असं करत करत ग्वाल्हेरपर्यंत गेले."

"घरी न सांगता?"

"घरी न सांगता."

दोघींनीही समोरच्या खिडकीकडं बघितलं. सगळेच घरातनं पळालेले भीमसेन होत नाहीत, हे काही मी बोलून दाखवलं नाही.

"ह्याचं ऐका की मग," सुनीता आणखी पुढं झुकली. "हुबळीला गाडी थांबली. तिथं म्हणे जगातला सगळ्यात लांब फलाट आहे."

"आहे ना. आठ नंबरचा. 1507 मीटर. 2023 ला उद्घाटन झालं. दीड किलोमीटर फलाट! ह्या टोकापासून त्या टोकाला जायचं तर रिक्षा करावी लागेल."

"ह्यांची गाडी दुसऱ्याच फलाटाला लागली होती. तर समोरचा म्हणाला, आलोच फोटो काढून. आणि सुटला. इकडं गाडीनं भोंगा दिला तरी पत्ता नाही. मनू दारात उभी राहून ओरडतेय, आजी बालाजीचा धावा करतायत, खजिनदार म्हणतोय की त्याच्या वाट्याचा लॉज आता चौघांत विभागायला लागणार. शेवटी सगळ्यात मागच्या डब्यात चढले. आणि पुढच्या स्टेशनला उतरून पुढं आले."

"चढले? एकटाच गेला होता ना?"

सुनीतानं कढीपत्त्याची एक काडी सोलून काढली, पान पान करून. "तेच तर. फोटो काढायला कुणीतरी लागतंच की."

"कोण?"

"निपाणीची."

अच्छा. म्हणजे शेडबाळपासून ती उभी होती तेव्हा दाराजवळ तिच्याशी गप्पा मारत आणखी कोण उभं होतं, तेही मी ताडलं. सुनीतानं होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही.

होस्पेटला उतरले तेव्हा रात्र झालेली. हंपी तिथनं तेरा किलोमीटर. रिक्षावाले घेराव घालून अडीचशे, तीनशे, पाचशे सांगायला लागले. हंपीत जाऊन त्या वेळी राहायचं कुठं, हाही प्रश्न होताच. मग निपाणीची पुढं झाली. पोरगी घरात मराठी बोलणारी, पण शाळा कर्नाटकातली, कन्नड लिहिता-वाचता येतं. एरवी कॉलेजात हिला कुणी फारसं विचारत नसे, मनूच सांगायची. काल रात्री मात्र चौघं तिच्या मागं कोंबडीच्या पिलांसारखी चालत होती. तिनं पाट्या वाचल्या, रिक्षावाल्यांना वाटेला लावलं आणि बसस्टँडजवळचा एक साधा लॉज शोधला. मॅनेजरनं तीन पोरं आणि दोन पोरी बघून भुवया चढवल्या आणि आधार कार्डं मागितली. तिनं त्याला कन्नडमध्ये असं काही सुनावलं की त्यानं दोन खोल्यांच्या किल्ल्या तर दिल्याच, वर खोलीमागं शंभर रुपये कमी केले.

"काय सुनावलं?"

"ते ती सांगत नाही. हसते नुसती."

खोली नऊशेची. पोरं तीन, ती एका खोलीत. पोरी दोन, त्या दुसरीत. आता हिशेब. खजिनदारानं ॲप उघडलं आणि म्हणाला, खोलीप्रमाणे लावू. म्हणजे पोरांना तीनशे-तीनशे, पोरींना साडेचारशे-साडेचारशे.

"हे काय गं? डोईमागं लावायचं ना. तीनशे साठ."

"मनू तेच म्हणाली. तर तो म्हणतो, आम्ही अडचणीत झोपणार, एक जण जमिनीवर गादी टाकून, तुम्ही दोघी ऐसपैस. मग तुम्ही जास्त द्यायला नको?"

आता यात त्याचंही अगदीच चूक आहे असं नाही. सीएला असंच शिकवत असतील. पण रात्री साडेदहाला, लॉजच्या जिन्यात, पाच सॅका आणि एक ब्लँकेट घेऊन उभं असताना हा प्रश्न काढायचा नसतो. पोरी दोघी असतात, त्यांना तिसरी जोडीदारीण नाही, हा काय त्यांचा दोष? मुलींनी सुरक्षित राहायचं तर त्याचे पैसे नेहमी मुलींनीच भरायचे, हे मी नोकरीत असताना सहलींच्या वेळी शाळेतही पाहिलंय. मी तावातावानं हे बोलायला लागले तर सुनीता म्हणाली, "थांबा हो काकू, निपाणीचीनं काय केलं ते ऐका."

निपाणीचीनं सॅक खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, चालेल. खोलीप्रमाणे लाव. मग आधी लिही, दशम्या वीस, खर्डा एक बरणी. मसालेभात पाच जणांचा. कुंदा अर्धा किलो. जागा धरायला दीड तास दोन माणसं. रिक्षावाल्यांशी आणि मॅनेजरशी बोलायची मजुरी वेगळी. लिही. दशम्या कुणाच्या खात्यावर?

खजिनदार फोनकडं बघत राहिला. झोपाळू, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, अरे डोईमागं लाव आणि मला झोपू दे. समोरच्यानं खजिनदाराच्या हातातला फोन काढून घेतला आणि स्वतःच तीनशे साठ टाकलं. मिटलं.

"हुशार आहे पोरगी," मी म्हटलं. "कुणाच्या घरात जाईल त्याचं सोनं होईल."

"समोरच्यांना कन्नड सून चालेल का?"

"मराठीच आहे गं ती. निपाणीची. नुसता पत्ता कर्नाटकातला."

"त्या पत्त्याचा फायदा झालाय बघा आज सकाळी! बसमध्ये कंडक्टर आला. ह्या चौघांची तिकिटं काढली आणि तिनं आधार कार्ड दाखवलं, तर तिला शून्य रुपयाचं तिकीट. मनू म्हणाली, मला पण. कंडक्टर म्हणतो, महाराष्ट्राचं चालत नाही."

ते खरं आहे. 2023 च्या मार्चपासून आपल्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्याच जूनपासून कर्नाटकात तिथल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये फुकट. त्यासाठी तिथला पत्ता लागतो. म्हणजे साऱ्या पाचांत खरी बजेट प्रवासी एकच निघाली आणि तिनं ॲप उघडलंसुद्धा नाही.

"खजिनदार काय म्हणाला?"

"म्हणाला, पुढच्या ट्रिपला सगळ्या पोरी निपाणीच्या..."

एवढ्यात समोरचं फाटक वाजलं. सुनीतानं मूठभर कढीपत्ता उचलला आणि मोठ्यांदा म्हणाली, "तर काकू, कढीला हा पुरे होईल की!"

समोरच्या वैनी रस्ता ओलांडून आल्या. चेहरा फुललेला, हातात मोबाइल. "मघापासून हसणं ऐकत होते, म्हटलं मलाही सांगा."

"काही नाही हो वैनी, पोलंडचं चाललं होतं," सुनीता म्हणाली. "तुमचा पोचला का पुण्याला?"

"पोचला, पोचला. ट्रेनिंग सुरू पण झालं. हा बघा, काल रात्री फोटो टाकलाय स्टेशनवरचा. म्हटलं, अरे बसनं गेलास ना, स्टेशनवर कसा? तर म्हणाला, मित्राला सोडायला गेलो होतो. बघा तरी केवढा फलाट! टोकच दिसत नाही. पुणं लई सुधारलं हो."

आम्ही दोघी बघितला. खरंच टोक दिसत नव्हतं.

"आणि ही एक पोरगी आहे शेजारी, ट्रेनिंगलाच आलीय. निपाणीची. फार हुशार आहे म्हणतो, कन्नड तर काय सुंदर बोलते म्हणे." वैनी जरा थांबल्या. "पुण्यातल्या ट्रेनिंगला कन्नड कशाला लागतं कोण जाणे. काकू, तुम्ही शाळेत होता, तुम्हाला काही माहीत आहे?"